फोर बाय फोर घ्यायची, पण कोणत्या रस्त्यासाठी?

प्रश्न : आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात. डांबर संपल्यावर शेवटचे तीन-चार किलोमीटर कच्चे आणि त्यात लाल मातीचा एक खडा चढ. पावसाळ्यात आमची छोटी गाडी खालीच लावून चालत वर जावं लागतं. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेली आई. पुढच्या उन्हाळ्यात गाडीनेच स्पितीला जायचा बेत आहे. शोरूममध्ये सांगतात, फोर बाय फोरच घ्या. मित्र म्हणतात, पैसे वाया घालवू नका. थार, जिमनी, गुरखा की स्कॉर्पिओ? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो लाल मातीचा चढ. गाडी त्या चढासाठी निवडा आणि आईसाठी निवडा. स्पितीचा विचार त्यानंतर, कारण उन्हाळ्यात स्पितीला साध्या गाड्याही जातात.

आधी मित्रांचं म्हणणं कुठे खरं आहे ते बघू. सह्याद्रीतल्या वाड्या-वस्त्यांवर वर्षानुवर्षं वडापच्या जीपा चालल्या. कमांडर, ट्रॅक्स, पुढे बोलेरो. आत दाटीवाटीने माणसं, टपावर पोती आणि मागे फळीवर उभी राहिलेली पोरं. यातल्या बहुतेक गाड्यांची फक्त मागची दोन चाकं ओढायची. तरी त्या पोचायच्या, कारण गाडीचं पोट जमिनीपासून उंच, मागचे पाटे दणकट आणि ड्रायव्हरला रस्त्यातला दगडन् दगड पाठ. शिवाय सगळं ओझं मागच्या चाकांवर यायचं, त्यामुळे ओढणारी चाकं जमिनीला घट्ट धरून राहायची. रस्ता नुसता खडकाळ आणि खड्ड्यांचा असेल तर लागते ती उंची. जमिनीपासून २०० मिलिमीटरच्या आसपास उंच असलेली टू व्हील ड्राइव्ह गाडी आणि चांगले टायर एवढ्यावर भागतं. एकाच गाडीच्या दोन प्रकारांत साधारण दोन लाखांच्या घरातला फरक पडतो, तो मग वाचवावा.

पण पावसातला जांभ्या मातीचा चढ वेगळा. वर बोटभर राडा, खाली टणक थर. मागची चाकं ढकलायला जातात, राड्यावर फिरू लागतात, आणि एकदा फिरायला लागली की मागचा भाग बाजूला घसरत गाडी ओघळीकडे तिरकी होते. चारही चाकं ओढू लागली की तेच काम चार जागी वाटलं जातं. एकेका चाकावरचा जोर कमी होतो आणि त्या निसरड्या थराला पेलवेल एवढाच राहतो. तुमच्या चढाला फोर बाय फोर हवी, ती एवढ्यासाठी.

त्याहूनही जास्त उपयोगी पडतो तो 'फोर लो'. खऱ्या फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. तिच्यात लो टाकलं की गाडीचा वेग निम्म्याहून खाली येतो आणि चाकांवरची ओढ त्याच प्रमाणात वाढते. डिझेल गाडी फोर लोमध्ये, पहिल्या गिअरमध्ये घ्या आणि क्लच सावकाश सोडा. ॲक्सिलरेटरवर पायही ठेवावा लागत नाही. इंजिन आपल्या संथ ठेक्यावर चालू राहतं आणि गाडी माणसाच्या चालीने चढ चढते. चिखलात रुतणाऱ्या बहुतेक गाड्या ताकद कमी पडली म्हणून रुतत नाहीत. घाबरून पाय दाबला जातो, चाकं भुंग्यासारखी फिरतात आणि स्वतःचा खड्डा स्वतः खणतात. उतरतानाही तेच. फोर लोमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक दाबावा लागत नाही, त्यामुळे चाकं लॉक होऊन गाडी घसरत सुटत नाही. जास्तीचे दोन लाख मोजायचे असतील तर या हळू चालण्यासाठी मोजावेत, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच 'ऑल व्हील ड्राइव्ह' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या तुमच्या यादीत नकोत. उदाहरणार्थ, ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप प्रकारात पुढची चाकं घसरू लागली की मागच्यांकडे जोर जातो. पावसातल्या घाटात किंवा थोड्या बर्फात ते छानच आहे. पण तिच्यात लो नाही.

आता चढाच्या मध्यावर ओघळ आडवी गेली आहे असं समजा. गाडी तिच्यावरून तिरकी जाताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जमिनीवरून उचललं जातं. इथे डिफरन्शिअल आपला स्वभाव दाखवतं. ज्या चाकाला विरोध कमी, तेच ते फिरवत राहतं. उचललेली दोन चाकं हवेत गरागरा फिरतात, टेकलेली दोन गप्प राहतात आणि फोर बाय फोर असूनही गाडी जागची हलत नाही. यावर कंपन्यांनी वेगवेगळे उपाय केलेत. जिमनी फिरणाऱ्या चाकाला आपणहून ब्रेक लावते, म्हणजे जोर टेकलेल्या चाकाकडे वळतो. थारच्या काही प्रकारांत मागचं डिफरन्शिअल गरज पडताच आपोआप लॉक होतं. थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये तेच काम बटणाने होतं. गुरखात पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शिअल चालकाला स्वतः लॉक करता येतात. ओघळींच्या रस्त्यावर गुरखा सगळ्यांना मागे टाकते ती याच जोरावर. गाडी बुक करताना नेमक्या तुम्ही घेणार त्या प्रकारात लॉक आहे का, हे माहितीपत्रकावर बोट ठेवून विचारा. नाव तेच असतं, पण खालच्या प्रकारात सोय नसते, असं बऱ्याचदा होतं.

आता तुमच्या घरातली पाच माणसं. जिमनी मला मनापासून आवडते. वजन सुमारे १,२०० किलो, त्यामुळे मऊ जमिनीत ती कमी रुतते. बांधावरच्या अरुंद वाटेवरून सहज निघते. जिप्सीची खरी वारस तीच. पण तिच्यात जागा चौघांची आणि मागची सीट उभी असताना डिकी जेमतेम २०८ लिटर. तीन दारांची थारही चौघांचीच. शिवाय मागे जायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं, ते आईंना जमणार नाही. दोन्ही गाड्या इथेच बाद.

राहिल्या तीन. पाच दारांची गुरखा इथलीच, फोर्स मोटर्सची, पुण्याच्या आकुर्डीची. जमिनीपासून उंची २३३ मिलिमीटर, बसायला सात जागा आणि या सगळ्यांत वाईट रस्त्याला सगळ्यात तयार. पण तिची पायरी फार उंच आहे आणि महामार्गावर दिवसभर बसण्यासाठी ती बनलेली नाही. ज्याचं रोजचं येणं-जाणंच वाईट रस्त्यावर आहे त्याने जरूर घ्यावी. थार रॉक्समध्ये पाच जागा आणि मागे स्वतंत्र दारं. उंची २१९ मिलिमीटर. फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळते, पेट्रोलमध्ये नाही. स्कॉर्पिओ-एनचंही तसंच, फोर बाय फोर डिझेललाच. ती लांबच्या प्रवासाला जास्त सुखाची, पण अंगाने मोठी, गावातल्या बोळात वळवताना घाम फुटतो. तुमच्या चढाचा विचार करता मी रॉक्स डिझेल फोर बाय फोर घेईन. गावाला वर्षातून दोनदाच जाणं होत असेल आणि बाकी सगळा प्रवास महामार्गावर असेल, तर स्कॉर्पिओ-एन.

पैसे भरण्याआधी आईंना शोरूममध्ये घेऊन जा. नऊवारी असो वा पाचवारी, रोजच्या कपड्यांत त्यांना चढू द्या, उतरू द्या, पुन्हा चढू द्या. हात धरायला दांडी कुठे आहे, पाय कुठे टेकतो, ते शांतपणे बघा. विक्रेता लगेच बाजूची पायरी बसवून देतो म्हणेल. ती खाली लोंबणारी असेल तर तुमच्या चढावरचा पहिलाच दगड तिला लागेल. दाराच्या खालच्या कडेला घट्ट चिकटून बसणारी पायरी मागा.

स्पितीबद्दल. पुण्याहून काझा दोन हजार किलोमीटरहून लांब आहे आणि त्यातला बहुतेक रस्ता गुळगुळीत. आई आणि मुलं बरोबर असतील तर जाताना शिमला, किन्नौर, नाको, ताबो या बाजूने जा. हा रस्ता टप्प्याटप्प्याने उंची चढतो, शरीराला सवय होते. मनालीकडून अटल बोगद्याच्या वाटेने ग्रांफू, बातल आणि कुंझुम खिंड ओलांडून जाणारा रस्ता जवळचा, पण कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे, साधारण जूनपर्यंत बर्फाने बंद असते, आणि छतरू ते बातल हा पट्टा गोट्यांचा आणि नाल्यांचा. तिथे फोर बाय फोरचा खरा उपयोग होईल. नाले भल्या सकाळी ओलांडा. दुपारी ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून तेच पाणी दुप्पट होतं. मनाली सोडल्यावर काझापर्यंत पंप नाही, टाकी भरून निघा. एवढ्या उंचीवर विरळ हवेमुळे साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद चाळीस टक्क्यांपर्यंत घटते. टर्बो असलेल्या डिझेलला हा फटका बराच कमी बसतो. तुमची गाडी डिझेल असण्याचा हा आणखी एक फायदा.

प्रश्न : पावसात घाट उतरताना फोर हाय लावून ठेवलं तर गाडी जास्त सुरक्षित राहते ना? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, आणि या समजापायी घाटात अपघात होतात. फोर बाय फोर गाडीला पुढे जायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक तुमच्या शेजारच्या साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. ओल्या डांबरावर तुम्ही जेवढ्या अंतरात थांबाल तेवढ्यातच तीही थांबेल. तुमची गाडी जड असेल आणि टायर खडबडीत असतील, तर कदाचित तुम्हालाच जास्त अंतर लागेल.

शिवाय डांबरावर फोर हाय लावणं गाडीच्या मुळावर येतं. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. थार किंवा जिमनीसारख्या गाडीत फोर हाय लावलं की पुढचा आणि मागचा दांडा एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. चिखलात चाक जरासं घसरतं आणि ताण निघून जातो. कोरडं डांबर चाकाला घसरू देत नाही. मग तो ताण गिअरांत आणि दांड्यांत पिळासारखा साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना टायर उड्या मारल्यासारखे वाटतात आणि शेवटी लिव्हर टू हायला यायलाच तयार होत नाही. असं झालं तर जोर लावू नका, गाडी सरळ ठेवून थोडी मागे घ्या, ताण सुटतो.

मात्र कधीच न वापरणंही वाईट. महिन्यातून एकदा खडीच्या किंवा मातीच्या मैदानात फोर हाय लावून थोडं फिरा, मग पूर्ण थांबून, न्यूट्रलला घेऊन फोर लो लावा. आतल्या भागांना तेल पोचतं आणि हातालाही सवय राहते.

प्रश्न : आमची फोर बाय फोर जुलैमध्ये आमच्याच शेताच्या रस्त्यात फसली. ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. गाडीत दोष आहे का? – एक वाचक, यवतमाळ

उत्तर : गाडीत दोष नाही, काळी माती अशीच आहे. पाणी पिऊन ती फुगते आणि चिकट होते. तुमच्या गाडीचे टायर बहुधा कंपनीकडून आलेले, रस्त्यासाठीचे असतील. त्यांच्या नक्षीतल्या खाचा अरुंद असतात. काळ्या मातीत दहा पावलं गेलं की त्या खाचा गच्च भरतात, वर आणखी थर चढतो, चाक मडगार्डला घासू लागतं. त्या क्षणी तुमच्या गाडीला टायर उरलेलाच नसतो, चार गुळगुळीत मातीचे गोळे फिरत असतात. चारही चाकं फिरली तरी ती कशावर पकड घेणार?

रुंद खाचांचे ऑल टेरेन टायर घेतलेत तर बराच फरक पडेल. चिखलाचे खास मड टेरेन टायर फिरता फिरता चिखल बाहेर फेकतात, पण डांबरावर ते आवाज करतात आणि पावसात ब्रेक कमी लागतो. मुलांना शाळेत सोडायलाही तीच गाडी असेल तर ते नकोत. मऊ जागी जाण्याआधी टायरमधली हवा ३२-३३ वरून २२ पर्यंत उतरवली की टायर पसरून जमिनीवर जास्त टेकतो. त्यासाठी हवा भरायचा छोटा कंप्रेसर गाडीत हवाच, कारण डांबरावर येताच हवा परत भरली नाही तर टायर तापून फाटू शकतो.

आणि तरीही गाडी बसली तर चाकं फिरवणं थांबवा. फावड्याने चाकांपुढची माती उतरती करा आणि खाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या टाका. मग फोर लो लावून, दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने बाहेर काढा. दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर दोर कंपनीने दिलेल्या हुकालाच बांधा, बंपरला नाही, आणि ओढताना दोराच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका. तुटलेला दोर किंवा निसटलेला हुक माणसाचा जीव घेतो. यापेक्षा सोपा उपाय तुमच्या गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पाऊस थांबून चार तास कडक ऊन पडू द्यायचं, मग निघायचं.

प्रश्न : कंपनी म्हणते गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. मग फरशी पुलावरून गुडघाभर पाणी वाहत असताना जायला हरकत नाही ना? – एक वाचक, महाड

उत्तर : हरकत आहे. कृपा करून जाऊ नका.

थारसाठी दिलेला ६५० मिलिमीटर किंवा गुरखासाठी दिलेला ७०० मिलिमीटर हा आकडा साचलेल्या पाण्यासाठी असतो. एवढ्या पाण्यात इंजिनाच्या हवेच्या वाटेत पाणी शिरणार नाही, एवढंच तो सांगतो. वाहत्या पाण्याबद्दल तो काहीही सांगत नाही. गाडीचा तळ साधारण चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरा. पाणी तळाच्या वर १५ सेंटिमीटर चढलं की गाडी सुमारे एक घनमीटर पाणी बाजूला सारते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. पाणी आत झिरपेपर्यंत गाडी तेवढ्या वजनाने हलकी होते. जिमनीचं सगळं वजनच सव्वा टनाच्या आत. चाकांवर भारच उरला नाही तर फोर बाय फोर असली काय, नसली काय. त्यात बाजूने पाण्याचा लोंढा दाराच्या सपाट पत्र्यावर आदळत असतो. अमेरिकेचं हवामान खातं लोकांना सांगतं की वाहतं पाणी फूटभर असलं तरी बहुतेक मोटारी वाहून जाऊ शकतात, आणि दोन फूट असलं तर एसयूव्हीसुद्धा. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर, माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा कमी.

आणखी एक. गढूळ पाण्याखाली फरशीची कड दिसत नाही, मधला तुकडा वाहून गेला असेल तर तोही दिसत नाही.

साचलेल्या पाण्यातून जायचंच झालं तर आधी खोली बघा, फोर लो, पहिला गिअर, एकसारखी चाल, मध्ये गिअर बदलायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा चालू करू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दबत नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. कोकणात राहणाऱ्याने ती घ्यावीच.

प्रश्न : फोर बाय फोर घेतली आहे. गुहागर, आंजर्ले किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूत चालवून बघायची इच्छा आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : ही इच्छा सोडून द्या. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. गुहागर आणि आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. टायरखाली दबलेल्या वाळूतून पिल्लू वर येऊ शकत नाही. गाडीच्या दृष्टीनेही ओली वाळू फसवी असते. भरतीची लाट मागे सरताना चाकाखालची वाळू घेऊन जाते, गाडी एक्सलपर्यंत बसते, पुढची लाट दारापर्यंत येते. खाऱ्या पाण्याचा गंज पुढे वर्षानुवर्षं वायरिंग खात राहतो.

प्रश्न : जुनी थार घ्यायची आहे. फोर बाय फोर नीट चालते हे कसं ओळखायचं? आणि पुढे लोखंडी गार्ड, मोठे टायर लावलेली गाडी मिळतेय, ती चांगली ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गार्ड आणि मोठे टायर बघून भुलू नका. पुढचे लोखंडी गार्ड केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ पासून बंद केले आहेत, कारण धडकेत ते पादचाऱ्याचा जीव घेतात आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणतात. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर आणि उंच केलेलं सस्पेन्शन असेल तर पुढे आरटीओत आणि विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते. शिवाय अशी गाडी कुणीतरी दगडधोंड्यांत जोरात घातलेली असण्याची शक्यता जास्त.

खाली वाकून बघा. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलच्या सांध्यांत तेलाचा ओलावा, खालच्या पत्र्यावर ताजे ओरखडे, वेल्डिंगचे डाग आहेत का? चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. टायर वेगवेगळे असूनही फोर हाय वापरलं असेल तर आतले भाग ताणले गेले असतील. मग मातीच्या मैदानात गाडी न्या. टू हाय, फोर हाय, फोर लो असं क्रमाने टाका. प्रत्येक वेळी लिव्हर स्वच्छ पडली पाहिजे. फोर लोमध्ये थोडं पुढे, थोडं मागे जा. खटकन आवाज किंवा एकसारखी घरघर आली तर पुढचा किंवा मागचा दांडा, त्याचे क्रॉस, नाहीतर ट्रान्सफर केसची बेअरिंग गेलेली असते. क्रॉस बदलणं फारसं महाग नाही, ट्रान्सफर केस उघडणं महाग आहे. विकणारा मैदानात यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी गाडी बघा.